कागदावरची दहा मिनिटं

माझी नणंद माझ्याशी कडाकडा भांडली असती, तर मी हे सांगायला बसलेच नसते. भांडण झालं की मी मोकळी होते, माझा स्वभावच तसा आहे. तोंडाने फटकळ, पण मनात काही ठेवत नाही, असं मी स्वतःबद्दल चारचौघांत सांगत आले. लोकांनाही ते पटलेलं होतं. तीन आठवडे मी एक गोष्ट मनात ठेवली, आणि ती नेमकी तिच्या बाबतीतली.

ती माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. लग्न केलं नाही, आमच्यातच राहते. घरी आम्ही तिला ताई म्हणतो, कामावर सगळे भिंगताई म्हणतात, कारण तिच्या गळ्यात काळ्या दोरीला अडकवलेलं भिंग असायचं. जेवताना ते पदराआड टाकायची, पण काढायची नाही. मी त्यावरून तिला कमी चिडवलेलं नाही. एकदा म्हटलं, ‘ताई, झोपेत स्वप्न नीट दिसावं म्हणून घालून झोपता का?’ तर म्हणाली, ‘तुला जे उघड्या डोळ्यांनी दिसत नाही, ते मला मिटल्या डोळ्यांनी दिसतं.’ घ्या. तिच्याशी बोलण्यात कुणी जिंकलेलं नाही.

आम्ही दोघी एकाच ठिकाणी कामाला. परदेशी जाणारी फुलं तिथे बांधली जातात. लांबलचक पत्र्याची शेड, एका टोकाला कोल्डरूम, दुसऱ्या टोकाला गाड्या लागायची जागा, मध्ये टेबलं. कार्नेशन येतात, शेवंती येते, थोडे गुलाब. लोकांना वाटतं, फूल कापलं की त्याची कटकट संपली. कसली संपते? कापलेल्या फुलाबरोबर त्याचे पाहुणे येतात. मावा येतो, कोळी येतात, आणि सगळ्यांत वाईट म्हणजे फुलकिडे. पापणीच्या केसाचा तुकडा तोडून ठेवला तर केवढा दिसेल, तेवढाच. पाकळ्यांच्या बुडाशी घुसून बसतो, वरून फूल अगदी नवरीसारखं. आणि फुलं जिथे उतरतात तिथले लोक एक जरी किडा जिवंत सापडला तरी अख्खा माल जाळतात. मेलेले दहा निघाले तर चालतं, जिवंत एक चालत नाही.

म्हणून माल निघायच्या आधी फुलांना गॅस द्यायचा. ते काम माझं. कोल्डरूममधून आलेले खोके आधी चार तास बाहेर ठेवायचे, फुलं गरम होऊ द्यायची. खोक्याच्या भोकातून सुईचा थर्मामीटर देठांत खुपसायचा. आकडा अठरावर गेला की खोके गॅसच्या खोलीत, दोन तास दार बंद, मग पंखे लावून गॅस बाहेर. अठराच का, तर गार पडलेला किडा धड श्वासच घेत नाही. श्वास घेत नाही म्हणजे गॅस त्याच्या पोटात जात नाही. तो आपला गुंगीत पडून राहतो आणि उबेला आला की उठून चालू लागतो. हे मला कामाला लागले त्या पहिल्या आठवड्यात शिकवलं होतं. शिकवलं होतं ताईनेच.

माझ्यानंतर टेबल तिचं. प्रत्येक खेपेतली ठरलेली फुलं ती उचलायची, पांढऱ्या कागदावर उलटी धरून बोटांनी टपटप झटकायची. जे पडेल ते कागदावर. पडलेला किडा हलत नसला तरी त्याला मेलेला म्हणायचं नाही. कागद दिव्याखाली ठेवायचा, घड्याळ बघायचं, आणि दहा मिनिटं नुसतं बसायचं. दहा मिनिटांत एक पाय जरी हलला, तरी अख्खी खेप परत माझ्याकडे. नाही हलला, तर ती शिक्का मारून सही करायची आणि मग गाडी सुटायची. नियम दहा मिनिटांचा, ताई पंधरा बसायची. बाहेर ड्रायव्हर हॉर्न वाजवून वाजवून थकायचे.

एकदा तिने चाळीस खोके अडवले. सुपरवायझर कागदावर वाकून वाकून बघतोय. म्हणाला, ‘ताई, मला तर काहीच हललेलं दिसत नाही.’ ही म्हणाली, ‘तुम्हाला दिसावं म्हणून तो हलत नाहीये. त्याला जायचंय कुठंतरी.’ खोके परत आले, मी पुन्हा गॅस दिला, त्यात अर्ध्या पाकळ्या करपल्या आणि शिव्या मी खाल्ल्या.

घरातही तेच. मी सून म्हणून आले त्याच्या दुसऱ्याच दिवशी पालक धुऊन ठेवला होता. हिने आल्या आल्या उचलला, एकेक पान उजेडात धरलं, आणि पुन्हा धुतला. तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. मी निवडलेले तांदूळ ती पुन्हा निवडायची. मी लावलेली कडी पुन्हा ओढून बघायची. तिला ऐन वयात एका मुलाने मागणी घातली होती म्हणे, चांगला कमावता होता, तर हिने त्याच्या शर्टाच्या कॉलरची आतली बाजू बघितली आणि नको म्हणाली. माझा नवरा हे हसत हसत सांगतो. मला काही हसू यायचं नाही. एकोणीस वर्षं अशा बाईच्या नजरेखाली संसार करून बघावा कुणी. ‘ही बाई कुणावर विश्वास म्हणून ठेवत नाही,’ हे वाक्य मी किती वेळा आणि कुणाकुणाला ऐकवलं असेल, त्याला हिशेब नाही. तिच्या तोंडावरही ऐकवलं. ती म्हणायची, ‘घाईबाई, मला तुझ्यावर विश्वास आहे. तांदळावर नाही.’ मला ती घाईबाई म्हणायची, नावाने हाक मारलेली मला आठवत नाही.

त्या दिवशी साडेअकरा वाजता निरोप आला की विमान लवकर निघणार आहे. गाडी सातऐवजी दोनच्या ठोक्याला सुटली पाहिजे. कोल्डरूममधून नव्वद खोके तेवढ्यात बाहेर आले होते. मी सुपरवायझरकडे गेले, म्हटलं, चार तास गरम होऊ द्यायचे तर कशी सुटेल गाडी? त्याने फोन कानाला लावलेला. हात वर करून म्हणाला, ‘तुमचं तुम्ही बघा काय ते, मला गाडी दोनला पाहिजे.’ झालं. यांचं सगळं असं उंटावरून.

मी सुई खुपसली, आकडा सात. खोके बाहेर उन्हाच्या कडेला सरकवले, पत्र्याचं दार उघडं टाकलं, पंखा फिरवला. पाऊण तासाने पुन्हा खुपसली, अकरा. गाडी समोर उभी. मी वहीत अठरा लिहिलं.

खोटं लिहिताना हात कापला वगैरे काही नाही. असं वाटतं आता, की कापायला हवा होता. मी मनात म्हटलं, गॅस जरा वाढवून देऊ, भागून जाईल. दोन तासांचा सव्वा तास केला. पंख्यांचा वेळ मात्र मी कमी केला नाही, तिथे माणसांच्या जिवाचा प्रश्न असतो. किड्याच्या जिवाचं काय एवढं, असं वाटलं. गाडी दोनऐवजी अडीचला निघेल, तेवढं ड्रायव्हर ऐकेल, हा माझा हिशेब होता.

खोके ताईच्या टेबलापाशी लागले. तिने फुलं काढली, झटकली. कागदावर सहा फुलकिडे पडले, सहाही निपचित. तिने कागद दिव्याखाली सरकवला आणि घड्याळाकडे बघितलं. बाहेर गाडीचं इंजिन चालू. सुपरवायझर दारातून हातवारे करतोय. मी तिच्या खुर्चीशेजारी उभी. एक मिनिट झालं, दोन झाली. मला ते बसणं सहन होईना. मला भीती होती की नाही? होती. पण त्याहून जास्त राग होता, खरं सांगते. एवढी मी धावाधाव केली आणि ही बया घड्याळाकडे बघत बसलीय.

मी म्हटलं, ‘ताई, एकोणीस वर्षं एका घरात काढली. गॅस मी दिलाय, परक्या कुणी नाही दिलेला. एकदा तरी माझ्यावर विश्वास ठेवा ना.’

तिने मान वर केली. कागदाकडे नाही, माझ्याकडे बघितलं, बराच वेळ बघितलं. मग भिंग पदराआड टाकलं, शिक्का मारला आणि सही केली. तीन मिनिटं झाली होती.

गाडी सुटली तेव्हा मला काय वाटलं ते सांगते. मला आनंद झाला. गाडी सुटल्याचा तर झालाच, पण तिने माझं ऐकलं याचा त्याहून झाला. त्या संध्याकाळी मी घरी गुणगुणत स्वयंपाक केला. नवऱ्याने विचारलं, आज काय विशेष? म्हटलं, काही नाही.

पाचव्या दिवशी कळलं. चार खोक्यांत जिवंत फुलकिडे निघाले होते, नव्वदच्या नव्वद खोके जाळले. आणि चौकशीला सरकारी तपासनीस येणार, तेही कळलं.

तपासनीस म्हणजे शांत माणूस, बारीक आवाजाचा. सुपरवायझरच्या केबिनमध्ये दोन वह्या समोर घेऊन बसला, एक माझी, एक ताईची. आम्हा दोघींना एकदमच बोलावलं. मला विचारलं, ‘गॅस देताना फुलांचं तापमान किती होतं?’ मी म्हटलं, ‘अठरा.’ त्याने वहीत बघितलं, तिथेही अठरा. मग ताईला विचारलं, ‘दहा मिनिटं थांबलात?’

ती ‘हो’ म्हणाली असती तर कुणाला कळलं असतं? टेबलापाशी फक्त मी होते. ताई म्हणाली, ‘नाही. तीन.’

सुपरवायझरच चपापला. तपासनीस म्हणाला, ‘का नाही थांबलात?’ मला वाटलं आता माझं नाव येणार. मी तयारच होते, ‘मी नुसतं म्हटलं, सही तुम्ही केलीत,’ हे उत्तर मी मनात रचूनसुद्धा ठेवलं होतं. ती म्हणाली, ‘थांबायला हवं होतं.’ माझं नाव घेतलंच नाही.

आणि मी? एरवी टराटरा बोलणारी मी, माझी दातखीळ बसली. अकरा हा आकडा जिभेवर होता, तिथून तो हलला नाही. तपासनीसाने लिहिलं, चूक टेबलाची. ताईचा शिक्का काढून घेतला. भिंगही शेडचं होतं, तेही जमा झालं. तिला पाला काढायच्या टेबलावर बसवलं, जिथे कामाला लागलेल्या माणसाला पहिल्या दिवशी बसवतात. सव्वीस वर्षं नोकरी झालेली बाई.

घरी माझा नवरा म्हणाला, ‘ताईकडून अशी चूक होईल असं वाटलं नव्हतं. वय झालं तिचं.’ मी मान हलवली. त्या मान हलवण्याची मला जेवढी लाज वाटते, तेवढी वहीतल्या अठराचीसुद्धा वाटत नाही.

तीन आठवडे असे गेले. ती माझ्याशी नीट बोलायची, उलट जरा जास्तच नीट. ‘मीठ दे हं’, ‘दमली असशील’, असं. मला ते झेपायचं नाही. मी तिच्याशी उगाच खुसपट काढून बघितलं, नळ उघडा का ठेवलात, साबण का बदललात. ती म्हणायची, ‘चुकलं माझं.’ ताईच्या तोंडी ‘चुकलं’ हा शब्द मी एकोणीस वर्षांत ऐकला नव्हता, आणि आता रोज ऐकत होते.

मग एका दुपारी पाल्याच्या टेबलावर एका बाईने मस्करी केली. ताईसमोर तीन बोटं नाचवून म्हणाली, ‘भिंगताई, किती दिसतात सांगा?’ सगळ्या फिस्सकन हसल्या. ताई म्हणाली, ‘तीन,’ आणि खाली बघून पाला काढत राहिली. बोटं ओली, सुरकुतलेली, पाण्याने पांढरी पडलेली. मी तिथून बादली घेऊन चालले होते. मी त्या बाईवर खच्चून ओरडले. जनाची नाही तर मनाची तरी बाळगा, म्हटलं. आणि हे वाक्य माझ्याच तोंडून माझ्या कानांवर पडलं. बादली तिथेच ठेवून मी सरळ केबिनमध्ये गेले.

सुपरवायझरने सगळं ऐकून घेतलं. दार लोटून म्हणाला, ‘बाई, हे तुम्ही मला सांगितलंच नाही असं समजू या. प्रकरण मिटलंय. आता गॅसच्या खोलीवर आलं तर शेड बंद करतील.’

मी म्हटलं, ‘ताईचं टेबल परत द्या, मग मी गप्प बसते.’

‘ते माझ्या हातात नाही.’

‘मग हेही तुमच्या हातात नाही.’ मी वही ओढली, अठरावर काट मारली, शेजारी अकरा लिहिलं, सव्वा तास लिहिलं, खाली सही केली. मग तपासनीसाला फोन लावायला लावला. नाही लावला असता तर मी तिथून हललेच नसते, हे त्याला ठाऊक होतं.

तो आला. वही बघितली, माझं बोलणं लिहून घेतलं. शेड बंद केली नाही, पण गॅसची खोली आठवडाभर बंद ठेवली आणि तिथे तापमान आपोआप लिहिणारं यंत्र बसवायला लावलं. मला तिथून काढलं. मला त्याचं काही वाटलं नाही, खरंच नाही. मी एवढंच विचारलं, ‘मग आता ताईचा शिक्का परत मिळेल ना?’

त्याने माझ्याकडे बघितलं, जसं लहान मुलाकडे बघतात. म्हणाला, ‘बाई, गॅसमध्ये चूक झाली तर ती पकडायलाच ते टेबल आहे. गॅस व्यवस्थित दिलेला असता आणि त्या तीनच मिनिटं थांबल्या असत्या, तर एक वेळ चाललं असतं. ज्या दिवशी त्यांनी थांबायला हवं होतं, नेमक्या त्याच दिवशी त्या थांबल्या नाहीत.’ आणि त्याने ताईच्या चौकशीच्या कागदावर आणखी दोन ओळी वाढवल्या. आधी शिक्का वर्षभरासाठी काढला होता. आता कायमचा गेला.

तर मी हे असं केलं. बोलायचं तेव्हा गप्प बसले, आणि बोलले ते तिला आणखी खड्ड्यात घालायला.

त्या संध्याकाळी ताई पलंगावर बसून वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. नवरा अजून यायचा होता. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं, सात, अकरा, अठरा, सगळं. केबिनमधलंही सांगितलं, कायमचं हेही सांगितलं. ती घड्या घालत राहिली. मग म्हणाली, ‘खोके गार होते, ते मला माहीत होतं.’

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं.

‘पहिलं फूल उचललं तेव्हाच देठ बोटांना गार लागला. गरम झालेल्या फुलाचा देठ तसा नसतो.’

‘मग सही का केलीत?’

‘तू म्हणालीस ना, एकदा तरी.’ तिने माझ्या नवऱ्याचा शर्ट झटकला, बाह्या मागे दुमडल्या. ‘मला वाटलं, हिला नक्की माहीत असल्याशिवाय ही असं म्हणणार नाही. गार असूनही काही तरी केलं असेल हिने, मला न कळणारं. विश्वास ठेवायचा म्हणजे असाच ठेवत असतील, असं वाटलं. मला काय माहीत? मला सवय नाही.’

मी तिच्या पायांशी बसले. म्हटलं, ‘ताई, मला बोला हो. वाटेल ते बोला, एक थोबाडीत मारा, पण असं नका करू.’

‘तुला काय बोलू?’ ती म्हणाली. ‘तू घाई करणार हे सगळ्यांना माहीत होतं. म्हणून तर तुझ्यापुढे मला बसवलं होतं.’

तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर मी धरून राहिले असते त्याला. मी माफी मागितली, रडत मागितली, दोनदा मागितली. ती ‘बरं’ म्हणाली. ते ‘बरं’ माफ केल्याचं नव्हतं, एवढं मला कळलं, आणि मी पुन्हा विचारलं नाही. तिने घड्यांचा ढीग उचलून कपाटात ठेवला आणि स्वयंपाकघरात दिवा लावायला गेली.